सहाय्य योजना कपाटातून बाहेर काढा: बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसोबत नव्याने काम करणाऱ्यांसाठी

बौद्धिक किंवा विकासात्मक अक्षमता असलेल्या प्रौढांचं केंद्र असो, निवास असो की कार्यशाळा, तिथे एक कपाट असतंच. कपाटात प्रत्येकाच्या नावाची फाइल आणि फाइलीत ‘वैयक्तिक सहाय्य योजना’. तपासणी आली की ती बाहेर येते, सह्या होतात, पुन्हा आत जाते. मधल्या काळात त्या माणसाचा दिवस कसा जाणार हे ठरतं त्या दिवशी ड्यूटीवर कोण आहे त्यावरून.

मी या कामात सहाय्यक म्हणून आले आणि पुढे योजना लिहिण्याचं, लिहून घेण्याचं काम माझ्याकडे आलं. तुम्ही नुकतेच रुजू झालेले सहाय्यक असाल, समन्वयक असाल किंवा आई-वडिलांच्या माघारी भावाची-बहिणीची जबाबदारी अचानक अंगावर आली असेल, तर पुढची पायरी कोणती हे कोणी नीट सांगत नाही. ते इथे सांगते.

‘सेवा सुधारायची’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नवी इमारत, नवा उपक्रम, नवं प्रशिक्षण येतं. ब्रिटनमध्ये मोठ्या संस्था बंद करून लोकांना छोट्या घरांत हलवलं गेलं, तेव्हा डेव्हिड फेल्स आणि जिम मॅन्सेल या अभ्यासकांनी त्या घरांमधला दिवस बारकाईने पाहिला. काही घरांत लोक खरंच कामात, गप्पांत गुंतलेले होते. काही घरांत मात्र घर नवं आणि माणसं तशीच, रिकामी बसलेली. फरक मुख्यतः पडत होता तो कर्मचारी क्षणोक्षणी मदत कशी करतात यामुळे. म्हणून मी सुरुवात कायम तिथूनच करते.

एक सूचना आधीच: एका वेळी एकच व्यक्ती घ्या. सगळ्या फाइली एकदम सुधारायला बसलात तर सगळ्यांत एकच मजकूर उमटतो, फक्त नाव बदललेलं. मी अशा योजना वाचल्या आहेत ज्यात पुरुषाच्या फाइलीत ‘तिला’ राहून गेलं होतं.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

कागदपत्रं:
- निदानाचा अहवाल आणि अक्षमतेचा दाखला
- सध्या चालू असलेल्या औषधांची यादी. प्रत्येक औषध कशासाठी, कोणी आणि कधी सुरू केलं यासह
- डोळे, कान आणि दात यांच्या शेवटच्या तपासण्या
- फिट येत असतील तर त्यांची नोंद आणि आणीबाणीत काय करायचं याची डॉक्टरांनी लिहून दिलेली सूचना
- गिळताना त्रास होत असेल तर स्पीच थेरपिस्टचा अहवाल
- पालकत्वाची किंवा निर्णयात मदत करणाऱ्यांची कायदेशीर कागदपत्रं, असतील तर

साधनं फारशी लागत नाहीत. एक वही, एक घड्याळ, वजनकाटा, चित्रं छापायची सोय आणि फोटो काढता येईल असा फोन पुरे. फोटो त्या व्यक्तीला दाखवून, विचारूनच वापरायचे.

औषधांच्या यादीत ‘कशासाठी’ हा रकाना बऱ्याचदा कोरा असतो. तो कोरा का आहे, हा तुमचा पहिला प्रश्न. त्याकडे पाचव्या पायरीत परत येऊ.

१. आधी माणूस, मग फाइल

फाइल उघडण्याआधी त्या व्यक्तीसोबत वेगवेगळ्या वेळी बसा: सकाळी उठताना, जेवताना, दुपारच्या कंटाळवाण्या तासात, संध्याकाळी. हातात पेन नको. तो कशाकडे हात नेतो, कोण आलं की मान वळवतो, कशापासून उठून जातो, एवढंच पाहा.

मग फाइल वाचा, पण विशेषणांना लगेच भुलू नका. ‘हट्टी’, ‘आक्रमक’, ‘सहकार्य करत नाही’ हे शब्द एकदा लिहिले गेले की वर्षानुवर्षं एका अहवालातून दुसऱ्यात उतरत राहतात. असा शब्द दिसला की विचारा: हे कोणी लिहिलं, कधी, आणि त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? उत्तर मिळालं नाही तर तो शब्द नव्या योजनेत घेऊ नका.

बुद्ध्यांकाच्या आकड्याचंही तसंच. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निदान-पुस्तिकेने अक्षमतेची तीव्रता ठरवण्यासाठी बुद्ध्यांकाऐवजी रोजच्या जगण्यातली कौशल्यं धरायला सुरुवात केली. त्याचे तीन भाग: समजणं-शिकणं, लोकांशी वागणं, आणि स्वतःची कामं करणं. एकच आकडा असलेल्या दोघांपैकी एक जण ठरलेल्या रस्त्याने एकटा ये-जा करतो, दुसऱ्याला दार कुठलं याची खूण करून द्यावी लागते. योजनेला उपयोगाची माहिती ही आहे.

आणि ‘मानसिक वय पाच वर्षं’ हे वाक्य सापडलं तर सरळ काट मारा. चाळिशीतल्या माणसाकडे चाळीस वर्षांच्या आठवणी असतात, गेलेली माणसं असतात, आवडीनिवडी असतात, प्रौढ शरीर असतं. त्या एका वाक्यामुळे त्याच्या पुढ्यात बालगीतं आणि बाहुल्या येतात, आणि तो वैतागला की पुन्हा फाइलीत ‘सहकार्य करत नाही’.

२. ‘हो’ आणि ‘नाही’ ओळखायला शिका

ही पायरी घाईत उरकली तर पुढचं सगळं डळमळतं, म्हणून हिला सगळ्यात जास्त वेळ द्या.

बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेकांना आयुष्यभर एक धडा मिळालेला असतो: ‘हो’ म्हटलं की समोरचा खूश होतो. कॅरोल सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवून दिलं की ‘हो-नाही’ प्रकारच्या प्रश्नांना हे लोक प्रश्न काहीही असला तरी ‘हो’ म्हणण्याकडे झुकतात. म्हणून ‘तुला इथे राहायला आवडतं ना?’ याला आलेला होकार योजनेत लिहू नका. थोड्या वेळाने उलटा प्रश्न विचारून बघा: ‘तुला इथे कंटाळा येतो का?’ दोन्हींना ‘हो’ आलं, तर अजून उत्तर मिळालेलं नाही असं समजा.

त्यापेक्षा दोन खऱ्या वस्तू किंवा दोन चित्रं समोर धरा. मग त्यांच्या जागा बदलून पुन्हा विचारा; काहीजण कायम उजवीकडचं उचलतात, काहीजण शेवटी उच्चारलेलं. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि तोवर गप्प राहा. हे वाचायला सोपं आहे, करून पाहा. तिसऱ्या आकड्याला बहुतेकांच्या तोंडून प्रश्न पुन्हा बाहेर पडतो आणि समोरच्याचा विचार पहिल्यापासून सुरू होतो.

जे बोलत नाहीत त्यांच्यासाठी तीन रकान्यांचा तक्ता करा. तो काय करतो, त्याचा अर्थ काय असावा असं आम्हाला वाटतं, आणि आपण काय करायचं. उदाहरणार्थ: ‘कानावर तळहात दाबतो – आवाज जास्त झाला, किंवा कान दुखतोय – आधी आवाज कमी करा, तरीही चालू राहिलं तर कान तपासून घ्या.’ हा तक्ता एकट्याने भरू नका. रात्रपाळीवाल्यांना विचारा, गाडी चालवणाऱ्याला विचारा, आईला तर विचाराच. केंद्रात कोणालाच न समजलेली खूण गाडी चालवणाऱ्याने सहज सांगितल्याचं मी पाहिलं आहे, कारण रोजचा अर्धा तास त्याच्याशेजारी तोच बसलेला असतो.

चित्रकार्डं, हातवारे, टॅबलेटवरचं बोलणारं ॲप यांबद्दल दोन गोष्टी. चित्रं दिली तर बोलणं खुंटेल, ही भीती पालकांना हमखास वाटते. अभ्यासांमध्ये तसं दिसलेलं नाही, काहींचं बोलणं उलट वाढतं. दुसरी गोष्ट, कार्डांचा संच पाहा. त्यात ‘जेवण’, ‘बस’, ‘संडास’, ‘शांत’ असे आपल्या सोयीचेच शब्द आहेत का? मग ते संभाषण नाही, सूचनाफलक आहे. पहिलं कार्ड ‘नको’चं करा. त्यानंतर ‘थांब’, ‘पुन्हा’, ‘दुखतंय’. आणि त्याने ‘नको’ दाखवलं की ते माना, तुमची गैरसोय झाली तरी. एकदा दाखवून उपयोग झाला नाही तर तो ते कार्ड परत उचलणार नाही. हाताने ढकलणं त्याला जास्त खात्रीचं वाटेल.

सावध राहण्याची एक जागा: कोणी हात किंवा कोपर धरून अक्षरं टाइप करवून घेत असेल आणि त्यातून लांबलचक वाक्यं येत असतील, तर त्यावर योजना उभारू नका. १९९०च्या दशकापासूनच्या नियंत्रित चाचण्यांत वारंवार दिसलं आहे की ते शब्द हात धरणाऱ्याचे असतात, बहुतेकदा त्याच्याही नकळत.

३. एका पानाची ओळख लिहा

एकच पान. तीन मथळे: लोकांना त्याच्यातलं काय आवडतं, त्याला काय महत्त्वाचं वाटतं, आणि त्याला मदत नीट कशी करायची.

मधला मथळा खरा. अमेरिकेतले मायकल स्मल दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकवतात: माणसाला स्वतःला काय महत्त्वाचं वाटतं, आणि त्याच्या तब्येतीसाठी-सुरक्षिततेसाठी काय महत्त्वाचं आहे. फाइलींत दुसरीच गोष्ट भरभरून असते: औषध, पथ्य, व्यायाम. पहिल्यासाठी ‘संगीताची आवड’ असले दोन शब्द. त्याऐवजी असं लिहा: ‘सकाळी कोणी बोलायच्या आधी दहा मिनिटं रेडिओ लागतो. आवाज तो स्वतः ठरवतो.’ नव्या माणसाला हे वाचून लगेच काहीतरी करता येतं. ‘संगीताची आवड’ वाचून काय करणार?

४. वागणं बदललं की आधी शरीर तपासा

१९८२ मध्ये स्टीव्हन रीस आणि सहकाऱ्यांनी एक गोष्ट नोंदवली: बौद्धिक अक्षमतेचं निदान एकदा माहीत असलं की तज्ज्ञांनाही त्याच माणसाचा वेगळा आजार कमी दिसतो. सगळं त्या एका निदानाच्या खात्यावर जमा होतं. ‘डोकं आपटून घेतो? त्यांचं असंच असतं.’ मग दाढ किडत राहते.

नवीन वागणं दिसलं, किंवा जुनं वाढलं, तर ही यादी वरून खाली तपासा:

- दात आणि हिरड्या
- कान: मळ साचलेला, संसर्ग, कमी होत चाललेलं ऐकू येणं
- जेवल्यानंतर छातीत जळजळ
- लघवीचा संसर्ग
- पाळीच्या वेदना
- झोप
- नुकतंच बदललेलं औषध किंवा त्याचा डोस
- बद्धकोष्ठ

शेवटच्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण त्याला कोणी गंभीरपणे घेत नाही. कमी हालचाल, कमी पाणी, शिवाय मानसिक आजाराची आणि फिटची काही औषधं, या सगळ्यांनी आतडं मंदावतं. न बोलणारा माणूस ते सांगत नाही. तो जेवण नाकारतो, चिडतो, पोटावर झुकून बसतो. इंग्लंडमध्ये २०१५ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या मृत्यूंची स्वतंत्र छाननी होते आणि टाळता येण्याजोग्या कारणांत बद्धकोष्ठाचा मुद्दा तिथे पुन्हा पुन्हा आला आहे. शौचाची नोंद ‘झाली / नाही झाली’ अशी ठेवू नका. ब्रिस्टल तक्त्यात सात प्रकारांची चित्रं आहेत, तो संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा आणि आकडा लिहा. घट्ट मळाच्या बाजूने पातळ गळती होते तेव्हा ‘जुलाब’ म्हणून उलटंच औषध दिलं जातं, तेही लक्षात असू द्या.

फिट: बौद्धिक अक्षमता असलेल्या साधारण पाचांतल्या एकाला अपस्मार असतो. फिट आली की घड्याळ पाहा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, तोंडात काहीही घालू नका, झटके थांबल्यावर कुशीवर वळवा. पाच मिनिटांच्या पुढे गेली, एकामागून एक येऊ लागल्या किंवा श्वासाचा त्रास दिसला तर आणीबाणीची मदत.

जेवताना खोकला, ओला घोगरा आवाज, वारंवार छातीचा संसर्ग, घटणारं वजन: गिळण्याची तपासणी मागून घ्या. ‘हळू भरवा’ एवढ्यावर थांबू नका.

डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची नियमित तपासणी, ऐकणं, दृष्टी आणि झोपेत श्वास अडकणं यांकडे लक्ष हवं. अल्झायमरही या लोकांत लवकर येतो, कारण त्याच्याशी संबंधित प्रथिनाचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्यांच्याकडे त्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात. म्हणून तिशीतच ती व्यक्ती काय काय करते याची सविस्तर नोंद आणि एक छोटा व्हिडिओ करून ठेवा. पंचेचाळिशीत डॉक्टर विचारतील, ‘आधी कसं होतं?’ तेव्हा तीच नोंद उपयोगी पडते. विसराळूपणा दिसला की लगेच स्मृतिभ्रंश मानू नका. थायरॉइड, नैराश्य आणि कमी ऐकू येणं ही तिन्ही तशीच दिसतात आणि तिन्हींवर इलाज आहे.

दवाखान्यासाठी वेगळं एक पान करा: औषधं, ॲलर्जी, दुखत असताना तो कसा दिसतो, सुई टोचताना काय केल्याने शांत राहतो, सोबत कोण हवं. हे पान फाइलीत नको, निघताना हाताला येईल अशा पिशवीत हवं.

५. वर्तनाची नोंद: राग नको, तपशील हवा

शरीर तपासून झालं, तरी तो मारतो, ओरबाडतो, वस्तू फेकतो. मग नोंद ठेवा. तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर लोकांनी काय केलं. ‘विनाकारण चिडला’ ही नोंद नव्हे. अशी लिहा: ‘११:४०. हॉलमध्ये अकरा जण, टीव्ही चालू. त्याला मणी ओवायला बसवलं होतं. त्याने ताट फेकलं. त्याला बाहेर व्हरांड्यात नेऊन बसवलं.’ अशा नोंदी साठल्या की दिसू लागतं: ताट फेकलं की गोंगाटातून सुटका होते. त्याच्या दृष्टीने पद्धत उत्तम चालते.

बहुतेक वागण्यामागे चारांपैकी एखादं कारण असतं: कोणीतरी लक्ष द्यावं, काहीतरी मिळावं, कशातून तरी सुटावं, किंवा त्या कृतीतच शरीराला बरं वाटतं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवलं की तेच कारण साधणारा सोपा संवाद शिकवला की त्रासदायक वागणं कमी होतं. वरच्या उदाहरणात शिकवायचं ते ‘बाहेर’चं कार्ड. सुरुवातीला प्रत्येक वेळी, ताबडतोब बाहेर न्या, दिवसातून वीस वेळा दाखवलं तरी. सहकारी म्हणतील, ‘लाडावून ठेवलंय.’ म्हणू द्या. कार्डावर विश्वास बसला की मग हळूहळू थांबायला शिकवता येतं. आणि मणी ओवणं खरंच कोणाला हवंय, हाही प्रश्न आहेच.

आता औषधांचा तो कोरा रकाना. भ्रम-भास अशी लक्षणं नसतानाही, फक्त वागणं आवरायला मनोविकारावरची औषधं दिली जाणं सर्रास चालतं. २००८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. आक्रमक वागणाऱ्या, पण तसा मनोविकार नसलेल्या ८६ जणांना रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल किंवा नुसती औषधासारखी दिसणारी गोळी दिली गेली. आक्रमकता तिन्ही गटांत कमी झाली, आणि सर्वांत जास्त त्या नुसत्या गोळीच्या गटात. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१६ पासून अशी औषधं कमी करण्याची मोहीम हाती घेतली ती याच काळजीतून.

यावरून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, ते धोक्याचं आहे. तुमचं काम डॉक्टरांकडे नोंदी घेऊन जाणं आणि तीन प्रश्न विचारणं: हे औषध नेमकं कशासाठी? उपयोग होतोय हे कशावरून कळणार? पुन्हा कधी तपासायचं? नोंदी हातात असल्या की हे संभाषण वेगळं होतं. नुसतं ‘फार त्रास देतो हो’ म्हटलंत तर डोस वाढवूनच परत याल.

६. दिवस उघडा करा

आता एक साधा दिवस तासातासाने लिहून काढा आणि प्रत्येक ओळीसमोर खूण करा: हे कोणी केलं? बहुतेक ओळींवर कर्मचाऱ्यांचं नाव येतं. कपडे धुतले, टेबल पुसलं, अंथरूण घातलं. ती व्यक्ती काय करत होती? ‘बसली होती.’

फेल्स-मॅन्सेल यांच्या कामातून पुढे आलेल्या सक्रिय सहाय्याच्या पद्धतीत याच ओळी वापरतात. वेगळा ‘उपक्रम’ शोधत बसायचं नाही, घरात जे काम चाललं आहे त्यातला एक तुकडा त्या व्यक्तीकडे द्यायचा. कपडे यंत्रात टाकणं ही तिच्यासाठी दहा छोटी कामं आहेत. दहातलं एक, शेवटचं बटण दाबणं, ती आज करू शकते. उद्या झाकण लावणं आणि बटण.

मदतीची चढण ठरलेली ठेवा: आधी नुसती वाट पाहा, मग बोटाने दाखवा, मग शब्दात सांगा, मग करून दाखवा, शेवटी तिची तयारी असेल तर हाताला हात लावून मदत. गरज असेल तिथेच थांबा. बोलून सांगणं सर्वांत सोपं वाटतं, पण ज्यांना शब्द कमी कळतात त्यांच्यासाठी तीच पायरी सर्वांत अवघड असते. म्हणून बोटाने दाखवणं आधी.

‘मी केलं तर पाच मिनिटांत होतं’ हे वाक्य तुम्ही दिवसातून कैकदा ऐकाल, आणि ते खरंही आहे. उत्तर एवढंच की वाचलेल्या वेळात काय होतं ते पाहा. बहुतेक ठिकाणी कर्मचारी फोनवर असतात आणि ती व्यक्ती भिंतीकडे बघत असते.

पुढे काय घडणार हे दिसेल असा चित्रांचा तक्ताही लावा, विशेषतः स्वमग्नता असलेल्यांसाठी. झालेलं चित्र त्यांनी स्वतः काढून डब्यात टाकायचं. बेत बदलला तर तक्ता आधी बदला, मग माणसाला हलवा.

७. निर्णय आणि जोखीम

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराचं बारावं कलम सांगतं की अक्षमता आहे म्हणून माणसाचा निर्णयाचा हक्क संपत नाही. तो बजावता यावा म्हणून लागेल ती मदत देणं हे राज्याचं काम आहे. तुमच्या देशाचा कायदा पालकत्वाबद्दल काय म्हणतो ते स्थानिक वकिलाकडून किंवा पालक संघटनेकडून समजून घ्या. पण रोजच्या कामात एक पद्धत कुठेही चालते: ‘हा निर्णय घेऊ शकतो का?’ असा सरसकट प्रश्न न विचारता, ‘हा एक निर्णय, आज, कोणती मदत दिली तर घेऊ शकेल?’ असं विचारा. घर बदलण्याचा निर्णय कठीण जाईल, पण खोलीत कोण असावं हे तो ठामपणे सांगू शकेल.

जोखमीच्या कागदावर सहसा एकच रकाना असतो: काय वाईट होऊ शकतं. दुसरा आखा: हे करू दिलं नाही तर काय गमावलं जाईल. रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ मध्ये जोखमीतल्या सन्मानाबद्दल लिहिलं ते यासाठीच. अति सांभाळण्यानेही माणसाचं नुकसान होतं. मग मधल्या वाटा सापडतात. एकट्याने रस्त्यावर जाणं नको वाटत असेल, तर आधी वीस पावलं मागे राहून चाला.

जिथे जोखीम खरोखर मोठी आहे तिथे मात्र ढिलाई नको. या लोकांवर अत्याचाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, आणि करणारा बहुतेकदा ओळखीचा असतो. शरीराच्या अवयवांची खरी नावं, कोण कुठे हात लावू शकतं, ‘नको’ म्हणण्याचा हक्क, हे प्रौढांनाही शिकवा, चित्रांतून. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हातात पोचणार नाही अशी व्यवस्था आहे का, ते पहिल्याच आठवड्यात विचारा.

८. ध्येय असं लिहा की ते घडलं की नाही हे परक्यालाही कळेल

‘सामाजिक कौशल्यं वाढवणे’ लिहू नका. ‘दर शनिवारी ती मावशीला व्हिडिओ कॉल करेल, फोटोवर बोट ठेवून कोणाला लावायचा ते ती सांगेल, नंबर सहाय्यक लावेल’ असं लिहा. कोण करणार, कधी, आणि झालं नाही तर कोण विचारणार, हे तिन्ही त्याच ओळीत. दोन किंवा तीन ध्येयं खूप झाली.

९. बैठक त्याची आहे

कोणाला बोलवायचं ते त्याला फोटोंमधून निवडू द्या. त्याला नको असलेला तज्ज्ञ आपला अहवाल लेखी पाठवू शकतो. बैठक त्याच्या चांगल्या वेळेला ठेवा. औषधाने झोप येते त्या वेळी नको. छोटी ठेवा, लागली तर दोनदा घ्या. विषयपत्रिका चित्रांत, एका ओळीत एकच मुद्दा, मोठ्या अक्षरात.

खोलीत बोलणं त्याच्याशी व्हायला हवं, त्याच्याविषयी नव्हे. हे सोपं करायची एक युक्ती: तुम्ही त्याच्या समोर बसू नका, शेजारी बसा. इतरांची नजर मग आपोआप त्याच्याकडे जाते. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात ‘पीपल फर्स्ट’ ही चळवळ सुरू झाली ती अशा लोकांनी स्वतःच्या बैठका स्वतः चालवून. तेव्हा ‘त्यांना काय कळणार’ हे कोणी म्हणालं तर उत्तर पन्नास वर्षं जुनं आहे.

कुटुंब आणि कर्मचारी यांचं पटत नसेल तर बैठकीआधी वेगळं बोला. पालकांनी अनेक वर्षं एकट्याने ओढलेलं असतं. नव्या सहाय्यकाने येऊन ‘त्याला स्वातंत्र्य द्या’ म्हटलेलं त्यांना बोचतं. आधी त्यांना विचारा की त्यांची सर्वांत मोठी भीती कोणती. बहुतेकदा ती ‘आमच्यानंतर काय?’ हीच असते, आणि ती योजनेत एक स्वतंत्र मुद्दा म्हणून लिहिली गेली की बाकीच्या गोष्टींवर बोलणं सोपं होतं.

१०. माणसं बदलतात तेव्हा

या क्षेत्रात कर्मचारी टिकत नाहीत आणि प्रत्येक जाणाऱ्याबरोबर थोडी माहिती जाते. म्हणून निघणाऱ्या आणि येणाऱ्या सहाय्यकाच्या निदान काही शिफ्ट एकत्र लावून घ्या, व्यवस्थापनाशी भांडावं लागलं तरी. नव्या माणसाने पहिल्या दिवशी फक्त एका पानाची ओळख, संवादाचा तक्ता आणि दवाखान्याचं पान वाचावं. जाड फाइल नंतर. जे निघताहेत त्यांनी निरोप घ्यावा, चित्र दाखवून, ‘मी उद्यापासून येणार नाही’ असं सांगून. त्रास होऊ नये म्हणून गुपचूप जाण्याची पद्धत आहे. मग ती व्यक्ती कित्येक आठवडे दाराकडे पाहत राहते आणि नोंदवहीत ‘अस्वस्थ, कारण अज्ञात’ असं येतं.

योजनेच्या प्रत्येक पानावर तारीख हवी. दर तीन महिन्यांनी त्या व्यक्तीसोबत ती वाचा, खरं नसलेलं पेनाने खोडा, नवं तिथेच लिहा. टाइप करायला मागाहून वेळ मिळेल. सहा महिन्यांत एकही खाडाखोड नसलेली प्रत दिसली, तर ती कोणी वापरत नाही असं धरा आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.